चावी त्यांच्याकडेच राहू दे

कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्यांच्या मुलाखती, रोजनिश्या, आठवणी वाचायचं मला व्यसन आहे. स्वतः लिहिण्यापेक्षा ते वाचत बसणं सोपं असतं, हे एक कारण. शिवाय कुणीतरी आपली युक्ती सांगून टाकेल आणि आपलं काम होईल, ही आशाही असतेच. पण हे लोक एकमेकांच्या थेट उलट बोलतात. कॅथरीन अ‍ॅन पोर्टर कथेचं शेवटचं वाक्य आधी लिहून ठेवायच्या. फ्लॅनरी ओकॉनर यांना स्वतःच्याच कथेत पुढे काय होणार ते कित्येकदा ठाऊक नसायचं. अँथनी ट्रोलप समोर घड्याळ ठेवून लिहायचे. काफ्काने ‘द जजमेंट’ ही कथा २२ सप्टेंबर १९१२ च्या रात्री दहाला सुरू करून सकाळी सहाला संपवली. असं चार-सहा जणांचं वाचलं की डोकं गरगरायला लागतं.

या वाचनाचा मला खरा उपयोग झाला तो माझी एक कथा अर्ध्यात अडकली तेव्हा. तोही असा, की कुणा एकाची पद्धत पहिल्यापासून शेवटपर्यंत लागू पडली नाही. जिथे जसं गाडं अडलं, तिथे तसं कुणाचं तरी उसनं घ्यावं लागलं.

मनगट दुखत होतं म्हणून दवाखान्यात गेले होते. नंबर यायला वेळ होता. मागच्या बाकावर एक जोडपं हलक्या आवाजात बोलत होतं आणि त्यातलं एकच वाक्य मला धड ऐकू आलं. बाई म्हणाली, “चावी त्यांच्याकडेच राहू दे. कुलूप आपण बदलू.”

मागे वळून बघायचा मोह फार झाला. कोण ते? की त्या? कुलूप कशाचं? तेवढ्यात माझं नाव पुकारलं आणि मी उठले. ते बरंच झालं म्हणायचं, कारण हेन्री जेम्स यांची गोष्ट मला नंतर आठवली. १८९३ साली नाताळच्या आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर शेजारच्या बाईंनी त्यांना ओळखीतल्या एका आई-मुलाच्या भांडणाची हकिगत सांगायला घेतली. वडील वारल्यावर घरातल्या मौल्यवान सामानावरून दोघांत जुंपली होती. जेम्सना चार शब्दांतच कथेचं बीज दिसलं. बाई पुढे बोलतच राहिल्या आणि यांना वाटत होतं, आता थांबा, पुढचं नको. प्रत्यक्षात पुढे जे घडतं ते बहुधा गबाळं असतं, लेखकाला त्याचा उपयोग नसतो, असं त्यांचं मत. त्या बीजातून ‘द स्पॉइल्स ऑफ पॉइंटन’ ही कादंबरी झाली, ती १८९७ मध्ये छापून आली. हे वाचताना सोपं वाटतं. पण माणसाचा स्वभाव चौकस, अर्धी गोष्ट कानावर पडली की पुढची ऐकल्याशिवाय चैन पडत नाही.

मी वहीत फक्त ते वाक्य लिहिलं, बाकी काही नाही. हा नेम मी अलीकडे पाळते. माझ्या जुन्या वह्या उघडल्या तर “एकाकीपणावर काहीतरी”, “दोन बहिणी : विश्वासघात”, “म्हातारपण आणि पैसा” अशा नोंदींनी भरलेल्या आहेत. त्यांतल्या एकीचीही कथा झाली नाही. विषय घेऊन बसलं की निबंध होतो. कथेला काहीतरी हातात धरता येण्याजोगं लागतं, वस्तू म्हणा, बोलणं म्हणा, कुणाची तरी विचित्र लकब म्हणा. कोरोलेंको यांनी चेखॉव्हची एक आठवण लिहून ठेवली आहे. कथा कशा लिहितो ते सांगताना चेखॉव्हने टेबलावरची हाताला आली ती वस्तू उचलली, ती राखदाणी निघाली, आणि म्हणाला, उद्या हिच्यावर कथा हवी का, नाव ‘राखदाणी’. फुशारकी वाटते, पण रोख बरोबर आहे. फक्त एक गोष्ट त्यात येत नाही. नुसती राखदाणी कितीही वेळ बघत बसलं तरी राखदाणीच राहते. तिला आपटायला दुसरं काहीतरी लागतं, आणि ते दुसरं कधी येईल ते सांगता येत नाही. माझं वाक्य वहीत बरेच महिने तसंच पडून होतं.

रहस्यकथा लिहिणारा माझा एक मित्र आहे. त्याला वाट बघणं मान्य नाही. त्याचं सगळं पुठ्ठ्याच्या कार्डांवर असतं, खून कुणी केला, का केला, कुणाला कधी कळलं, सगळं. कार्डं जमिनीवर मांडून त्यांचा क्रम लागला की मगच तो पहिलं वाक्य लिहितो. मला म्हणाला, “अगं, शेवट माहीत नसताना तू बसतेस तरी कशी लिहायला?”

त्याच्या कथांना ते लागतंच. दोनशेव्या पानावर उलगडणारी खूण दहाव्या पानावर कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने पेरायची, तर आराखडा हवाच. (तरी अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या ७३ वह्यांबद्दल मी त्याला आवर्जून सांगते. खुनाच्या कटाशेजारी घरच्या सामानाची यादी, एकाच कादंबरीची टिपणं चार वेगवेगळ्या वह्यांत, आणि तारखांचा बहुतेक पत्ताच नाही. तो ऐकून घेतो आणि कार्डं नीट लावतो.)

त्याने मला बसवलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. चावी कुणाकडे आहे? घटस्फोट झालेली बायको, जुना भाडेकरू, भांडून गेलेला भाऊ, अशी उत्तरं पटापट आली. पहिल्या दमात येतात ती उत्तरं वाचकालाही पहिल्या दमात येतात, म्हणून ती आम्ही बाजूला टाकली. मग त्याने प्रश्न फिरवला. चावी परत मागता का येत नाही? बायकोकडून मागता येते, भाडेकरूकडूनही येते. आईकडून मागता येत नाही. मुलाने मोठ्या हौसेने आपल्या नव्या घराची चावी आईला दिलेली असते. ती केव्हाही येते आणि कुलूप उघडून आत शिरते. तिला “चावी दे” म्हणायची हिंमत कुणाची नाही, म्हणून मग कुलूपच बदलायचं. एवढा सभ्यपणा आणि एवढी क्रूरता एका वाक्यात होती, हे मला तेव्हा कुठे दिसलं. हे श्रेय त्याच्या प्रश्नांचं, ते मी मोकळेपणाने देते.

पण पुढे त्याच्याच पद्धतीने कार्डं मांडली आणि कथा जागच्या जागी मेली. आई येते, कुलूप उघडत नाही, बेल वाजवते, मुलगा दार उघडतो, भांडण, रडारड, समेट. प्रत्येक प्रसंगात काय होणार ते ठरलेलं होतं. लिहिताना सरकारी अर्ज भरल्यासारखं वाटायला लागलं.

तिथे स्टीव्हन्सन कामी आला. १८८१ च्या पावसाळी सुट्टीत सावत्र मुलाबरोबर चित्रं काढता काढता त्याने एका बेटाचा नकाशा रंगवला. त्यावर खाड्यांना, टेकड्यांना नावं दिली, आणि त्या नकाशातून ‘ट्रेझर आयलंड’ची माणसं बाहेर आली, असं त्याने स्वतः लिहिलं आहे. पुढे प्रकाशकाकडे पाठवलेला तो नकाशा गहाळ झाला. तेव्हा बिचाऱ्याला आपलंच पुस्तक पुन्हा वाचून, त्यातली अंतरं आणि उल्लेख टिपून, मजकुराबरहुकूम नवा नकाशा करावा लागला. तो नवा नकाशा आपल्याला कधीच आपला वाटला नाही, असंही तो म्हणतो.

माझं बेट म्हणजे दोन खोल्यांचं घर. चित्रकलेत माझी मजल चौकोनापर्यंतच, पण चौकोन पुरले. दार कुठे, स्वयंपाकघर कुठे, बाथरूम कुठे, ते काढलं. काढताना लक्षात आलं की स्वयंपाकघरातून दार दिसत नाही, मात्र दाराचा आवाज ऐकू येतो. मग तिथे कोण उभं असेल? सून. तोपर्यंत कार्डांवर सुनेच्या वाट्याला एकच ओळ होती. आता ती घरात एकटी होती, आणि बाहेर जुनी चावी लावून बघणारं माणूस कोण आहे ते तिला माहीत होतं.

इथे मला एक शंका आली. जुनी चावी नव्या कुलपात मुळात जाईल का? जात नसेल तर सगळा प्रसंगच कोसळतो. कुलपं दुरुस्त करणाऱ्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, लॅच त्याच कंपनीचं ठेवून आतला सिलिंडर तेवढा बदलला तर खाच तीच राहते, त्यामुळे चावी सरळ आत जाते. पण आतल्या पिना जुन्या चावीच्या दातांशी जुळत नाहीत, म्हणून ती फिरत नाही. “माणूस मग जोर लावतो,” तो म्हणाला, “आणि चावी वाकवून आमच्याकडे घेऊन येतो.”

यानंतर मी सुरुवात दोन तऱ्हांनी लिहून बघितली. आईच्या बाजूने ती अशी होती :

“त्यांनी पिशवीतून चावी काढली. आपल्याच मुलाचं घर आपल्याला परकं होत चाललंय, या विचाराने त्यांचं मन भरून आलं.”

आणि सुनेच्या बाजूने अशी :

“बाहेर चावी कुलपात शिरल्याचा आवाज आला. फिरल्याचा आला नाही.”

पहिलीत मी वाचकाला काय वाटायला हवं ते सांगून मोकळी झाले होते, मग त्याने वाचायचं कशाला? दुसरीत सून काय करणार ते मलाच माहीत नव्हतं. मी कार्डं उचलून ठेवली आणि दुसरी सुरुवात धरली.

आता रोज बसायचा प्रश्न. एकटाकी लिहिण्याच्या गोष्टी आपल्याला आवडतात, कारण त्यांत चमत्कार असतो. काफ्काची ती रात्र सगळ्यांना पाठ असते, पण त्याच्या तिन्ही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या हे कमी आठवतं. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत लिहिली. पण ते पुस्तक तोवरच्या सगळ्या आयुष्यात मनात साठत आलेलं होतं. पाच दिवस लागले ते कागदावर उतरवायला. माझ्याकडे साठलेलं काही नव्हतं, एक वाक्य आणि घराचा चौकोन होता. तेव्हा मी ट्रोलपकडे वळले. हा गृहस्थ टपाल खात्यात नोकरी करायचा आणि कामावर जाण्याआधी, पहाटे उठून, घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहायचा. आत्मचरित्रात त्याने हे इतक्या हिशेबीपणाने सांगितलं की वाचकांना ते रुचलं नाही, असं म्हणतात. मीही घड्याळ लावलं. शब्द भरले, पण काय भरले! सून पाणी पिते, खिडकीतून बघते, तिला लग्नाचे दिवस आठवतात, पुन्हा पाणी पिते. दीर्घ कादंबरीच्या माणसाला हा वेग शोभतो. ह. ना. आपटे यांच्यासारखं, १८९० मध्ये स्वतःचं ‘करमणूक’ साप्ताहिक काढून त्यात क्रमशः कादंबऱ्या द्यायच्या असतील, तर वेगाशिवाय गत्यंतरच नाही. माझ्या छोट्या कथेत त्याचं पाल्हाळ झालं. ट्रोलपची एक सवय मात्र मी ठेवली. तो पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं वाचण्यात घालवायचा, स्वतःच्या वाक्यांचा नाद कानात यावा म्हणून. मी ते वाचन मोठ्याने करते. घरचे आता विचारत नाहीत.

सगळ्यांत लागू पडलं ते हेमिंग्वेचं, पुढे काय होणार हे माहीत असतानाच उठायचं. म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसावं लागत नाही. आमच्यासारख्यांना हे जमणं कठीण, कारण चांगलं चाललंय तर आत्ताच संपवून टाकू, असं वाटतं. आई दाराबाहेर, चावी फिरत नाही, सून दाराकडे निघाली, इथे मी एका दिवशी वही मिटली. उद्या दार उघडेल, आई विचारेल “कुलूप बदललं का गं?”, आणि सून खोटं बोलेल, एवढं मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं आणि आई म्हणाली, “बघ ना, मनगटात जोरच राहिला नाही माझ्या. साधी चावी फिरेना.”

हे वाक्य माझ्या मनात आदल्या रात्रीपर्यंत नव्हतं. ओकॉनरनी ‘गुड कंट्री पीपल’बद्दल असंच सांगितलं आहे. त्या कथेत बायबल विकणारा तरुण त्या मुलीचा लाकडी पाय घेऊन पळतो, आणि तो तसं करणार हे त्यांना स्वतःला दहा-बारा ओळी आधीपर्यंत माहीत नव्हतं. कळलं तेव्हा मात्र ते अटळ वाटलं. माझ्या बाबतीत ते आकाशातून पडलेलं नव्हतं. मी दवाखान्यात गेले होते ती मनगटासाठी, आणि त्या काळात बरणीचं झाकण निघालं नाही की झाकण घट्ट आहे की आपला हात गेला, हा घोळ मी रोज घालत होते. चावीच्या वाक्यावर आपटायला जे दुसरं काहीतरी हवं होतं, ते पहिल्या दिवसापासून माझ्याच हातात होतं. दोन्ही गोष्टी एकाच दवाखान्यातल्या, तरी त्या एकत्र यायला इतके महिने आणि दाराशी उभी राहिलेली एक सून लागली.

मग सुनेची पाळी आली. ती काय म्हणाली? “द्या इकडे, तेल घालते.” तिने चावी घेतली, बाटलीतल्या तेलाचे दोन थेंब दातांवर सोडले, कापडाच्या कडेने एकेक खाच पुसली, आणि जी चावी या दाराला कधीच लागणार नाही ती सासूच्या हातात परत दिली. मी हे लिहिलं आणि थांबले. आईला खरंच हाताचा दोष वाटतो, की सगळं कळून ती सुनेला वाट करून देते, ते मी ठरवलं नाही. अजूनही ठरवलेलं नाही.

असं काही अचानक हाती लागलं की मागचं सगळं नव्याने बसवावं लागतं, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही. मनगटाचा उल्लेख आधी कुठेतरी सहज यायला हवा, नाहीतर ते वाक्य लेखिकेने आणून टाकल्यासारखं वाटेल. तो फोनवरच्या एका बोलण्यात घातला, फार ठळक झाला, काढला, पुन्हा अर्ध्या ओळीत घातला. ह्या पेरणीसाठी मी पुन्हा रहस्यकथावाल्या मित्राकडेच गेले. त्यात तो वाकबगार आहे. म्हणाला, “तीन गोष्टींच्या यादीत मधली कर. मधल्या गोष्टीकडे कुणी बघत नाही.” बघितलं, खरं आहे.

पहिला खर्डा झाल्यावर स्टीफन किंग सांगतो तसा तो खणात टाकला. तो किमान सहा आठवडे म्हणतो, आणि दुसऱ्या खर्ड्यात दहा टक्के मजकूर कमी करा म्हणतो. माझा धीर तितका टिकला नाही, पण वाक्यं परकी वाटायला लागेपर्यंत तरी थांबले. बाहेर काढल्यावर सर्वांत आधी कापलं ते दवाखान्यात ऐकलेलं वाक्य. कथेत ते नवरा म्हणत होता, दुसऱ्याच पानावर. ते काढलं की कुलूप बदललंय हे वाचकाला चावी न फिरण्यातूनच कळतं, सुनेच्या गप्प राहण्यातून पक्कं होतं. मित्र हळहळला. “ज्याच्यावरून कथा सुचली तेच काढतेस?” सुचायला ते हवं होतं. वाचायला ते नको होतं.

शेवटाने मात्र छळलं. पोर्टरबाईंचं ऐकून मी सुरुवातीलाच एक शेवटचं वाक्य लिहून ठेवलं होतं, “दार उघडंच होतं.” कथा तिकडे फिरकलीसुद्धा नाही. मग खर्ड्यामागून खर्डे : सून रडते, मुलगा संध्याकाळी येऊन आईला खरं सांगतो, आई घरी जाऊन चावी देवासमोर ठेवते. प्रत्येक शेवट कुठेतरी वाचल्यासारखा. हेमिंग्वेने ‘अ फेअरवेल टू आर्म्स’चा शेवट ३९ वेळा लिहिल्याचं १९५८ च्या मुलाखतीत सांगितलं होतं. २०१२ मध्ये निघालेल्या आवृत्तीत असे ४७ शेवट छापले आहेत. अडचण काय होती असं विचारल्यावर त्याचं उत्तर होतं, शब्द नीट बसवणं. मला ते तेव्हा मिजाशीचं वाटलं होतं. माझ्या शेवटांमध्ये घटना बदलत होत्या, आणि गरज घटनेची नव्हतीच. अखेर आई पुढच्या आठवड्यात पुन्हा येते आणि बेल वाजवते, चावी हातातच आहे, एवढ्यावर कथा थांबली. त्या एका ओळीत “हातातच” आधी घ्यायचं की नंतर, यात पुष्कळ वेळ गेला.

संपादकबाईंनी कथा घेतली आणि पहिला परिच्छेद उडवायला सांगितला. उडवला. चावीच्या आवाजापासूनच कथा सुरू होते आता.

त्यानंतरच्या कथेला मी हीच सगळी हत्यारं घेऊन बसले. घराचा आराखडा काढला, अर्ध्यात उठायचं पाळलं, तरी ती हलेना. तिच्यात फक्त दोन म्हाताऱ्या मैत्रिणी बोलतात, दुसरं काही घडतच नाही, आणि माझ्या हाताने लिहिलेल्या त्या दोघी पुस्तकी बोलत होत्या. डोस्टोव्हस्कीने १८६६ मध्ये प्रकाशकाशी केलेल्या जाचक कराराची मुदत गाठायला ‘द गॅम्बलर’ २६ दिवसांत तोंडी सांगून लघुलेखिकेकडून लिहवून घेतली होती. ती लघुलेखिका म्हणजे आना स्नित्किना, पुढच्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. माझ्याकडे फोन आहे. सध्या रोज सकाळी खोलीत फेऱ्या मारत दोघींचं भांडण मी त्याला सांगते. दोघी आता बऱ्यापैकी माणसांसारख्या बोलायला लागल्या आहेत, पण फोनला स्वल्पविराम कळत नाही. एकीचं बोलणं कुठे संपलं आणि दुसरीचं कुठे सुरू झालं, ते दुपारी बसून शोधावं लागतं. काही ठिकाणी ते मलाही सापडत नाही, आणि तिथे मी ते तसंच ठेवून बघते आहे.